निरोगी गटातला तेवीस नंबर

विनुतानं तिसरी पट्टी यंत्रात सरकवली आणि तेवीस नंबरच्या कुपीतला थेंब तिच्यावर सोडला. पडद्यावरची रेघ चढत पुन्हा तिथंच जाऊन थांबली. स्मृतिभ्रंशात रक्तात वाढणारं प्रथिन या नमुन्यात निरोगी माणसाच्या तिप्पट होतं.

तंजावूरच्या या प्रयोगशाळेत ती चार वर्षं हा संवेदक घडवत होती. माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी आधी रक्तातली खूण पकडायची. तिच्या आईच्या वेळी असं काही नव्हतं. कळलं तेव्हा सरस्वतीबाई आपल्याच गल्लीत आपलं घर विचारत फिरत होत्या.

तिनं नावांची यादी उघडली. तेवीस: चिदंबर, वय एकाहत्तर, निरोगी गट. तिचे वडील. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, तेव्हा "माझं घे की," म्हणत त्यांनी आपणहून दंड पुढं केला होता.

दुपारी ती घरी गेली तेव्हा ते सरस्वतीबाईंना दहीभात भरवत होते. विनुतानं रस्ताभर जुळवलेली वाक्यं कशीबशी सांगून टाकली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"ते यंत्र सांगत नाही, अप्पा. अजून चाचणीच चालू आहे. चूकही असेल. मोठ्या डॉक्टरांकडं जाऊ."

"कितीदा बघितलंस?"

"तीनदा."

त्यांनी बायकोच्या हनुवटीवरचं दही पुसलं. पुढचा घास कालवला, पण हात ताटातच राहिला.

"ही जायच्या आधी माझं डोकं जाईल का, एवढंच सांग मज."

विनुता आईच्या पदरावर सांडलेली शितं वेचू लागली.

"मग वही घे. लिही."

तंजावुरातच तमिळ शाळेत शिकलेल्या तिला देवनागरी कधी आलीच नाही. ती घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहू लागली. जन्मभर कालवे खात्यात कारकुनी केलेले चिदंबर एकेक वाक्य संपवून पेन थांबायची वाट बघत होते.

"पाणी आधी पायांवर. एकदम डोक्यावर घातलं की भिते. गोळी केळ्यात कुस्करून. संध्याकाळी घरी जायचं म्हणते, तेव्हा हेच घर म्हणून सांगायचं नाही. कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचं."

"हळू सांगा, अप्पा."

"मी नवरा म्हणून आता हिला ओळखू येत नाही. अण्णा म्हणते, थोरला भाऊ समजून. पहिल्यांदा मी ओरडलो, तर दिवसभर रडली. आता नुसतं ओ देतो."

पेन थांबलं. सरस्वतीबाई तोंड उघडून घासाची वाट बघत होत्या. चिदंबरांनी घास भरवला.

"लिही की."

तिनं लिहिलं.

"खाली अजून एक ओळ," ते म्हणाले. "मी तुज कुणाच्याही नावानं हाक मारली, तरी तू ओ दे."