उद्घाटनाची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर मुळीच नव्हे. मी उद्घाटनाची. चौसाळ्याच्या श्रीशैलसाहेबांनी आमदार झाल्या झाल्या मला बीडच्या बाजारातून आणलं आणि मुठीला सोनेरी मुलामा दिला. रेशमी फितीखेरीज मी काही कापलं नाही. साहेब फीत कापत, टाळ्या घेत. शेजारी तबक धरून वहिनीसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी रुद्राणीबाई, उभ्या असत. फोटोत त्यांचं फक्त मनगट येई. छत नसलेल्या शाळेची फीतही मी कापली. ऊन फार लागलं, एवढीच माझी तक्रार.

मग चकलांबा गावातलं लग्न आलं. साहेबांचा कार्यकर्ता बंकट, मेंढपाळ. त्याच्या लेकीचं, बबिताचं लग्न. हौसेनं त्यानं मांडवाच्या दाराचीही फीत साहेबांकडून कापून घेतली.

वहिनीसाहेब कुंकू लावायला वाकल्या, तेव्हा नवरी पुटपुटली, "वहिनीसाब, सोमवारी माझा नववीचा गणिताचा पेपर हाय. पप्पाला सांगा की."

वहिनीसाहेब तशाच साहेबांकडे गेल्या. "अहो, लेकरू हाय ते. थांबवा हे."

"गप बस," साहेब हसतच म्हणाले, कारण समोर कॅमेरा होता. "बंकटची सगळी वस्ती आपल्याला मतं देती."

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. तोच वहिनीसाहेबांनी तबकातून मला उचललं आणि अंतरपाट मधोमध कापला.

मित्रांनो, मी मुळापासून हादरले. सुती कापड! आणि तेही मंगलाष्टकांत!

वाजंत्र्यांचा श्वास सनईतच अडकला. साहेब ओरडले, "अगं, लग्न हाय हे, उद्घाटन न्हाई!"

"ठाऊक हाय. उद्घाटनं तुमी करा. मला हे मोडायचं हाय."

"तोंडाला काळं फासलं की वो!" बंकट कपाळाला हात लावून खाली बसला.

नवरीची आजी कडूबाई म्हणाली, "लई मोठा अपशकुन झाला. आता हे लगीन लागत नसतं."

कायदा पाठ असलेले ग्रामसेवक फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. कापलेल्या अंतरपाटाचं मात्र सगळ्यांनी ऐकलं. वऱ्हाड न जेवता टेम्पोत चढलं आणि बबिता सोमवारी पेपरला बसली.

साहेब पुढची निवडणूक हरले. खापर माझ्यावर फुटलं. वहिनीसाहेब मला घेऊन नेकनूरला आल्या. त्यांनी मुलींचं वसतिगृह काढलं, शिव्या खाल्ल्या, गावोगावची अशी लग्नं मोडली. गेल्या वर्षी त्या वारल्या. आता पुष्कळ गावांत पत्रिका छापण्याआधी मुलीच्या वयाचा दाखला बघतात. भीतीनं का होईना, बघतात. बबिता इथंच गणित शिकवते आणि माझ्याकडून दुधाच्या पिशव्या कापून घेते. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

पण खरा धक्का कालचा. साहेब आले होते, डोळे पुसत. म्हणाले, "हिची आठवण म्हणून कात्री काचेच्या कपाटात ठेवू, हार घालू."

मित्रांनो, एवढं करू नका. दुधाच्या पिशव्या कापायला लावा, पण मला धार लावत राहा. गेवराईकडे एका गावात परवाच्या लग्नाचा मांडव घातलाय. नवरी आठवीत आहे.