हिल्लाची जागा

मागचे पडदे ओढून घेतल्याशिवाय गाडी उत्तरेकडच्या इनारी गावाच्या पुढे हलणार नाही, असं लेम्पीबाईंनी जाहीर केलं आणि रायलीने मुकाट्याने पडदे ओढले. साठीला टेकलेली बाई ती, दोन नातवंडांची आजी, आणि सख्ख्या आईने तिला कॅम्परच्या, म्हणजे त्या घरवजा गाडीच्या, मागच्या भागात भांड्यांच्या कपाटाशेजारी कोंडून ठेवलं होतं. पुढे आईच्या शेजारी स्टिअरिंगवर होता ताइस्तो, रायलीचा नवरा. त्याच्यापासून लपवायचं काही कारण नव्हतं, कारण ताइस्तोला रस्ते लक्षात राहत नाहीत. पाव आणायला गेलेला हा माणूस स्वतःच्या घरी भलत्याच गल्लीतून परततो. अशा माणसाच्या डोक्यात गुपित सुरक्षित राहतं, असं म्हातारीचं म्हणणं होतं.

गुपित होतं हिल्लाच्या जागेचं. जुलै सरताना दलदलीत पिकणारी ही सोनेरी, मऊ फळं. उत्तरेकडची माणसं शेजाऱ्याला घराची किल्ली देतील, वेळ पडली तर एक मूत्रपिंडही काढून देतील, पण आपली हिल्लाची जागा पोटच्या पोरांनाही सहजासहजी सांगणार नाहीत. लेम्पीबाईंनी ती फक्त थोरल्या मुलाला, वेइक्कोला दाखवली होती. गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसता उपसता वेइक्कोचं हृदय बंद पडलं. आता जागा ठाऊक असलेली म्हातारी एकटीच उरली, आणि तिच्याही डोळ्यांपुढे मधोमध काळा डाग आला होता. पुढच्या उन्हाळ्यात माणसंही ओळखू येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

म्हणजे ही शेवटची खेप. दक्षिणेच्या समुद्रकाठच्या कोत्काहून निघाल्यापासून, अख्खा देश मागे टाकेपर्यंत, रायली एकाच गोष्टीची वाट पाहत होती. आई म्हणेल, पोरी, ये पुढे, बघून घे. आई एवढंच म्हणाली होती की कॉफी पाण्यासारखी झाली आहे.

दुपारी मागे एक पिवळा कॅम्पर लागला. लेम्पीबाईंना तो दिसला नाही, पण त्याच्या इंजिनाचा आवाज पाठ सोडत नव्हता, तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी हिल्ला न उगवणाऱ्या एका तळ्याकाठी गाडी थांबवायला लावली आणि ताइस्तोला बादली देऊन झुडपांत पिटाळलं. काहीतरी घबाड सापडल्यासारखा चेहरा कर, असंही बजावलं. बिचारा डासांना रक्तदान करत बराच वेळ आनंदी चेहऱ्याने फिरला. शेवटी पिवळ्या गाडीतून दोघं बादल्या घेऊन उतरली आणि घाईघाईने त्याच झुडपांत शिरली. तेवढ्यात यांनी गाडी काढली. म्हातारी इतकी खूश झाली की तिने ताइस्तोला स्वतःच्या हाताने राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा दिला.

पुढे खडीचा रस्ता लागला. रस्त्याच्या मधोमध रेनडिअरचा कळप बसला होता. तो उठेपर्यंत सगळ्यांनी कॉफी घेतली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"आता डाव्या हाताला वाकडा पाइन येईल," लेम्पीबाई म्हणाल्या. "दोन शेंड्यांचा. दिसला की सांग."

ताइस्तोने गाडी हळू केली. मग आणखी हळू केली. खोटं बोलणं त्याच्या अंगात नव्हतं.

"आई, इथे झाडच नाही हो. सगळं तोडून नेलंय. नुसते बुंधे आहेत."

पडद्याच्या फटीतून रायलीला आईचे हात दिसले. ते मांडीवर काहीतरी चाचपत होते, जणू झाड तिथेच कुठेतरी पडलं असावं. एवढी जहांबाज बाई, पण त्या क्षणी अगदी लहान दिसली.

"मग फिरव गाडी," शेवटी त्या म्हणाल्या. "संपलं."

पण रायलीला जागा ठाऊक होती. ती सगळी इथेच राहत होती तेव्हाची गोष्ट. चौदा वर्षांची असताना ती आईच्या मागोमाग लपतछपत आली होती आणि दगडाआड पालथी पडून सगळं बघून गेली होती. तेव्हापासून तिने ते कुणालाही सांगितलं नाही, आणि तिथलं एक फळही कधी तोडलं नाही. तिला ते चोरून नको होतं. तिला ते आईच्या हातून हवं होतं.

तिने खणातला लाकडी डाव काढला आणि पडद्याच्या फटीतून ताइस्तोच्या डाव्या बरगडीत खुपसला.

ताइस्तो दचकला. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं ढोसणं त्याला वाचता येत होतं.

"थांबा, दिसला," तो म्हणाला. "वाकडा. दोन शेंडे."

"मग इतका वेळ काय करत होतास? आंधळी मी आहे का तू?"

पुढे लाकडी पूल यायचा होता, त्याच्या जागी आता रस्त्याखालून सिमेंटचा पाइप टाकला होता. डाव लागला, ताइस्तोला पूल दिसला. फुटक्या दगडापाशी पुन्हा डाव लागला. खोटं बोलायची आता त्याला चटक लागली आणि त्याने दगडावर एक घुबडही बसवलं. त्याबरोबर त्याला असा एक दणका बसला की घुबड लगेच उडून गेलं.

गाडी थांबली तसा लेम्पीबाईंनी ताइस्तोला आतच बसायचा हुकूम केला.

"रायली, तू चल. हात धरायला कुणीतरी हवं."

दलदलीत मात्र म्हातारीला हाताची गरज पडली नाही. पाय आपोआप उंचवटे शोधत होते. समोर सगळीकडे हिल्ला पिकली होती. लेम्पीबाई उकिडव्या बसल्या आणि बोटांनी चाचपत फळं खुडू लागल्या. एकही कच्चं फळ त्यांच्या हाताला लागत नव्हतं.

"नवऱ्याच्या बरगडीला मलम लाव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बिचारा काळानिळा झाला असेल."

रायलीच्या हातातली बादली निसटली.

"तुला कळलं?"

"आजचं होय? तू त्या दगडाआड पडली होतीस तेव्हापासून ठाऊक आहे मला. रेनडिअरसुद्धा तुझ्यापेक्षा कमी आवाज करतो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? वेइक्कोला तीनतीनदा आणून दाखवावी लागली. तू तुझी तू शोधलीस. तुला आणखी काय दाखवू?" म्हातारीने चिखलाने भरलेलं बोट उजवीकडे केलं. "त्या दगडामागचा तुकडा मी कधी तोडला नाही. तुझ्यासाठी ठेवायचे. इथे राहत होतो तेव्हा, आणि मग कोत्काहून यायचे तेव्हाही. दर वर्षी वाटायचं, या खेपेला पोरगी येऊन गेली असेल. आणि दर वर्षी तसाच. पाखरांनी खाल्लेला, उरलेला सडलेला."

"मला वाटायचं, तू मला देशील."

"आणि मला वाटायचं, तू चोरशील," लेम्पीबाई म्हणाल्या. "पडदे ओढले तरी फटीतून बघशील. माझीच पोरगी ना तू?"

रायली रडली. डास तोंडात जात होते म्हणून तोंड मिटून रडली. आईने तिला रडू दिलं आणि दरम्यान स्वतःची अर्धी बादली भरून घेतली. मग रायली दगडामागे गेली. तिथे फळं अशी दाटली होती की पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिने पहिलं खुडलं आणि आईच्या तोंडात घातलं.

"जास्त पिकलंय," म्हातारी म्हणाली. "उशीर केलास."

परतताना स्टिअरिंगवर रायली बसली आणि ताइस्तोची रवानगी भांड्यांच्या कपाटाशेजारी झाली. इथपर्यंत गाडी मीच आणली, असं तो कुरकुरला. तरी पडदे ओढले गेलेच. इवालोच्या पेट्रोल पंपावर पिवळा कॅम्पर उभा होता. त्यातला माणूस डासांनी सुजलेल्या चेहऱ्याने जवळ आला, यांच्या बादल्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि एवढी हिल्ला कुठे मिळाली, असं विचारलं.

पडद्यामागे ताइस्तोने उत्तर द्यायला तोंड उघडल्याचा आवाज आला. रायलीने मागे न बघता डाव चालवला.

"दलदलीत," ती म्हणाली.

लेम्पीबाईंनी समाधानाने डोळे मिटले आणि बादली मांडीवर ओढून घेतली.