वाऱ्याची बाही आणि रुपीबाईचा नवस

मित्रांनो, वारा पडला की माणसांना उकडतं. मला मात्र भीती वाटते. मी खांबाला मुकाट चिकटते आणि आभाळाकडं कान लावून राहते. आत्ता कुणी आलं तर त्याला मी काय सांगू?

आर्णीच्या वाटेवरच्या माळावर विमानं उतरायची एक मातीची धावपट्टी आहे. तिच्या कडेच्या उंच खांबावरची मी जुनी वाऱ्याची बाही. एकोणीसशे अठ्ठावन्न साली यवतमाळच्या अन्सार शिंप्यानं मला जाड मांजरपाटातून बेतलं. माझं एक तोंड रुंद, लोखंडी कड्यावर शिवलेलं. दुसरं निमुळतं, उघडं. मला उचलून धरत अन्सार म्हणाला, "हे तं एखाद्या राक्षसाच्या सदऱ्याची बाही दिसते! दुसरी कुठी गेली?" त्याची बायको गुलनार माझी किनार टिपत होती. ती हसली नाही, नुसती गुणगुणत राहिली:

सुटला सुटला वारा, वाऱ्याला नाही घर
माह्या भावाच्या वाटेवर, बाई, हळूच पाय धर

कुणाचा भाऊ, कुठली वाट, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

धावपट्टीचे राखणदार होते बशीरभाई. मला खांबावर चढवताना ते म्हणाले, "वरच्याले आपली हाक ऐकू येत नाही, पोरी. जमिनीनंच बोलाव लागते." आणि खरंच, आमची जमीन बोलायची. दोन्ही कडांचे चुन्यानं रंगवलेले दगड सांगायचे, आमच्या आतच राहा. सांज झाली की रॉकेलचे टेंभे सांगायचे, वाट इथं आहे. झोपडीत पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या असत. त्या फुलीसारख्या अंथरल्या की अर्थ एकच: इथं उतरू नका.

आणि मी सांगायची वारा: माझं निमुळतं शेपूट उडेल तिकडं वारा चाललाय, लोंबलं की वारा पडलाय. विमानानं वाऱ्याला तोंड देऊन उतरावं. वारा पाठीशी लागला तर ते लवकर थांबत नाही, आणि आमची पट्टी तर संपायची खोल नाल्याच्या काठावर.

एकदा एका वैमानिकानं उतरल्यावर माझ्याकडं पाहून टोपी काढली. बशीरभाईंनी ते आपल्या बायकोला, जोहराबीला, इतक्यांदा सांगितलं, की ती बिचारी शेवटी म्हणाली, "आता तिच्यासंगंच निकाह लावून घ्या!"

मग तो उन्हाळा आला. विहिरी तळाला गेल्या, आणि गावागावांतून पटकीची साथ पसरली. शुक्रवारी दुपारी विमानानं डॉक्टर आणि औषधाच्या पेट्या यायच्या होत्या. बशीरभाई सगळं नीट लावून जुम्म्याच्या नमाजाला गेले.

तेवढ्यात माळावरून एक बाई पळत आली. पलीकडच्या तांड्यावरची रुपीबाई. तिची लेक जमनी पटकीनं अंथरुणाला खिळली होती. तांड्यावर देवीच्या ओट्याशी पांढरं निशाण फडफडतं. मी तिला तसंच निशाण वाटले. तिनं दोर ढिला करून मला खाली घेतलं. जमनीच्या झग्याच्या चिंधीत नारळ गुंडाळून माझ्या शेपटाला बांधला. "याडी," ती देवीला हाक मारून म्हणाली, "माह्या लेकीले सोड." मग मला पुन्हा वर ओढलं आणि दोरावर गाठीवर गाठ मारत गेली.

मी तिला कसं सांगणार, की माय, मी देवाची नाही, वाऱ्याची आहे?

आणि नेमकं तेव्हाच मावळतीकडून सोसाट्याचं वावधन सुटलं. तोंडात वारा भरला, मी तडफडले. पण शेपटाचं ओझं काही उचलेना. खांबाशी अशी लोंबत राहिले, जणू माळावर पानही हलत नव्हतं. दूर घरघर ऐकू आली. माझं लोंबणं पाहून विमान नेहमीच्या वाटेनं, मावळतीकडूनच, सरळ खाली येऊ लागलं. वारा त्याच्या पाठीशी होता, आणि पुढं नाला.

नमाजाहून परतणाऱ्या बशीरभाईंनी ते लांबूनच पाहिलं आणि सायकल तिथंच टाकली.

"अवं बाई, हे काय करून ठेवलं? इमान येऊन राह्यलं!" त्यांनी विळा काढला.

रुपीबाईनं खांबाला मिठी मारली. "कापू नको, भाऊ! गाठ कापली तं माही जमनी जाईन!"

"तिचं औषधच त्या इमानात हाये!"

"तरी कापू नको!"

विळा हवेतच थांबला. बशीरभाईंनाही लेकरं होती. "मंग तूच सोड," ते म्हणाले. "बांधणारीनं सोडली तं नवस मोडत नाही. पण हात चालव, माय!"

आणि ते झोपडीकडं धावले. एक पट्टी अंथरली. दुसरी वाऱ्यानं उलटली, तसे ते तिच्या टोकावर आडवे पडले. फुली झाली. विमान इतकं खाली आलं होतं, की मला त्याची चाकं दिसली. ते गर्जलं, वर उठलं, आमच्यावरून निघून गेलं.

आता दुसरीच भीती. फुली पाहून ते परतच गेलं तर? औषधही परत जाईल! बशीरभाई आभाळाकडं पाहून विनवत होते, "एक घिरटी घाल रे बाबा, एकच." रुपीबाई गाठी दातांनी सोडवत होती. दोर सुटला, मी खाली आले, चिंधी सुटून नारळ तिच्या ओच्यात पडला. तिनं मला वर ओढलं.

मी भरले, मित्रांनो! अशी ताठ झाले, की शिवणी करकरल्या. बशीरभाईंनी फुली ओढून काढली. विमान लांबून वळलं, नाल्यावरून आत येत मावळतीकडं तोंड करून उतरलं आणि पट्टीच्या मधोमध थांबलं. पेट्या घेऊन डॉक्टर आणि रुपीबाई न्यायला आलेल्या जीपमधून तांड्याकडं गेले. मला फक्त धुरळा दिसला. जमनीचं काय झालं, ते खांबावरच्या बाहीला कोण सांगणार?

पुढं विमानं कमी झाली. चुना उडाला. लोकांनी चुलीसाठी दगड उचलून नेले. माझं शेपूट उसवलं. बशीरभाईंनी नवं कापड मागितलं, तर साहेब म्हणाले, "विमानच येत नाही तर बाही कशाला?" पण मित्रांनो, चुकून एखादं आलं तर? फाटकी खूण खोटं बोलते. वाटेवरचा दगड असो, दिवा असो, पाटी असो. त्याच्या भरवशावर कुणाचा तरी जीव असतो. त्याला ओझं लावू नका, आणि त्याला विसरूही नका.

एका सकाळी कुणीतरी मला खाली घेतलं. रुपीबाई! तिच्याशेजारी सुईत दोरा ओवत एक उंच, काटक मुलगी बसली होती. रुपीबाईनं तिला हाक मारली, "जमने, लाल दोरा दे." दोघींनी माझं शेपूट शिवलं, बारीक, घट्ट टाक्यांनी. शेवटी जमनीनं पिशवीतून काचेचा एक आरसा काढला. तांड्यावरच्या कापडाला आरसा नसला तर ते सजत नाही. तिनं तो माझ्यावर ठेवून पाहिला. माझ्यात ऊन चमकलं.

"नको," रुपीबाई म्हणाली. "जड व्हईन तिले."

जमनीनं आरसा काढून घेतला, आणि दोघींनी मला वाऱ्यावर चढवलं.