प्रश्नकर्त्याची खुर्ची

नगराध्यक्षपदाच्या पहिल्या चर्चेत इंजिनिअरने बाजी मारली होती. समोर उंच मेज, मेजावर कागद, कडा घट्ट धरून ठेवायला दोन्ही हात मोकळे. पाणीपुरवठ्याचे आकडे तो पाढ्यांसारखे म्हणत गेला आणि विरुद्ध उभी असलेली दातांची डॉक्टरीण मागे पडली. दुसरी चर्चा मात्र वेगळी होती. मधे मोकळी जागा, भोवती गोल बसलेले लोक आणि प्रश्नही त्यांचेच. उमेदवाराने माइक घेऊन विचारणाऱ्यापर्यंत चालत जायचं आणि त्याच्याशी बोलायचं.

"मेज काढून घेतलं की याचं अवसान गळतं," प्रचारप्रमुख इंजिनिअरच्या बायकोला म्हणाला. "वहिनी, आता तुम्हीच काय ते बघा."

वहिनी शाळेत नाटक शिकवायची. तिने स्वयंपाकघराच्या मधोमध एक खुर्ची ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्यावर बसून ती शहरातली माणसं होऊ लागली. कधी चिडका दुकानदार, कधी बसचालक, कधी कमी ऐकू येणारे आजोबा. नियम एकच होता: खुर्चीवर असेपर्यंत ती त्याची बायको नाही.

"आजोबा, नळाला पाणी कमी येतं, कारण मुख्य वाहिनीतला दाब..."

"मेलो मी तुझा दाब ऐकून. पाणी येणार का, तेवढं सांग. आणि माझ्याकडे बघ, पोरा, भिंतीवरच्या घड्याळाला मत नाही."

तो हसायचा. लेक गेल्यापासून त्या घरात हसू उरलं होतं ते एवढंच, खुर्चीच्या आसपासचं.

लेक गेल्या वर्षी तापाने गेली. तेव्हापासून तो तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्याच्या पोटातलं ओठांवर येत नाही, असं बायको नातेवाइकांना सांगायची. एकटी असली की तिला वाटायचं, पोटातही काही नसलं तर?

एकदा सराव चालू असताना प्रचारप्रमुखाचा फोन आला, दवाखान्याचा प्रश्न नक्की येणार. ती खुर्चीवर नीट बसली आणि म्हणाली, "माझं मूल गेलं. दवाखान्यात खाट नव्हती. तुम्हाला काय कळणार?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हा आवाज तिने कुणाचाही काढलेला नव्हता.

तो पुढे आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिचे बूट मी अजून पुसून ठेवतो. बंदांची गाठ मात्र सोडत नाही. ती तिने बांधलेली आहे. सोडली, तर मला तशी बांधता येणार नाही."

"मग नको सोडूस," ती म्हणाली आणि नियम मोडून खुर्चीवरून खाली उतरली. दोघं फरशीवर बसून राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कुणी उठलं नाही.

चर्चेच्या दिवशी ती पहिल्या रांगेत होती. पहिल्या काही प्रश्नांना तो अडखळला. माइक या हातातून त्या हातात, आकडे अर्धवट. रिकामा हात तिथे नसलेल्या मेजाची कड शोधत होता. डॉक्टरीणबाई मात्र स्वतःच्या घरात फिरावं तशी लोकांत फिरत होती. "काका, कवळी नीट बसली ना?" असं एका म्हाताऱ्याला विचारून तिने सगळ्यांना हसवलं. प्रचारप्रमुखाने कपाळाला हात लावला.

मग मागून एक बाई उठली. हॉटेलच्या चादरी धुणारी, कामावरून तशीच आलेली. "माझा मुलगा गेला," ती म्हणाली. "खाट मिळाली नाही. तुम्हाला काय कळणार?"

इंजिनिअरचा हात शांत झाला. तो चालत तिच्यापर्यंत गेला, गुडघ्यांवर बसला आणि गप्प राहिला. मग लेकीचे बूट आले, गाठ आली. शब्द तेच, क्रम तोच. शेवटच्या वाक्यानंतर तो थांबला, जिथे स्वयंपाकघरात त्याला उत्तर मिळालं होतं तिथेच. चादरी धुणारी नुसतीच डोळे पुसत होती. तेव्हा उरलेलं वाक्यही त्यानेच म्हटलं.

"माझी बायको म्हणाली, मग नको सोडूस."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. कॅमेराही वळला. अंगावर उजेड पडला की मान खाली घालायची नाही, असं ती शाळेतल्या मुलांना सांगायची. तिने घातली नाही.

"वहिनी, जिंकलो," टाळ्या थांबल्यावर प्रचारप्रमुख म्हणाला. "असलं काही कागदावर लिहून येत नाही हो."

दाराशी चादरी धुणारीने तिचा हात धरला. "नशीबवान आहात, ताई. आमचे हे तर पोराचं नावही काढत नाहीत. तुमच्या घरी निदान बोलणारा माणूस आहे."

"हो," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर त्याने रोजच्यासारखं विचारलं, "कसं झालं?"

"एकही शब्द चुकला नाही."

त्याने गाडी मुख्य रस्त्याला घेतली. "खोटं नव्हतं ते."

"माहीत आहे."

"मला दुसरं काही सुचेचना. ती अगदी तुझ्यासारखी बोलली."

त्या संध्याकाळी तू कुणाशी बोलत होतास, माझ्याशी की खुर्चीवरच्या बाईशी, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारलं असतं, तर त्याने गाडी बाजूला घेतली असती, तिच्या डोळ्यांत बघितलं असतं आणि थोडं थांबून नीट उत्तर दिलं असतं. ते सगळं तिनेच त्याला शिकवलं होतं.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. "परवा शेवटची चर्चा आहे. बसतेस थोडा वेळ?"

तिने खुर्ची उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलाला लावली. "उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बसव."