साबण लावलेलं करडू

शेळ्या एक्केचाळीस, बोकड दोन, करडं एकोणीस, कुत्रा एक. पाण्याच्या टाक्या दोन, त्यातली एक गळकी. गोठ्यामागच्या गवताच्या पट्ट्यावर तंबू एक, चार माणसांचा. तंबूच्या खुंट्या बारा, दोऱ्या आठ. स्लीपिंग बॅगा चार. माणसं तीन.

गुरुवारी संध्याकाळी शेळ्यांच्या वाडीवर सुट्टीला मुक्कामी आल्या आल्या धाकटीने हे सगळं वहीत उतरवलं आणि शेवटच्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘शनिवारी चार.’

मोजायची सवय तिला दादाने लावली होती. ‘आधी मोज, मग बोल,’ हे त्याचं पालुपद. ती बारा वर्षांची, तो बावीसचा. सहा महिन्यांपूर्वी नोकरी लागून तो दुसऱ्या शहरात गेला होता. शनिवारी दुपारी परस्पर इथे येतो म्हणाला होता. तोवर तंबू उभारायचं काम बाबांकडे आलं. आजवर ते कधीच त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते तंबूकडे बघूनही कळत होतं.

“तुमची गाठ म्हणजे तुमची आश्वासनं,” आई म्हणाली. “दिसायला घट्ट. ओढलं की सुटलं.”

बाबांनी हसून पुन्हा गाठ मारली. ती पुन्हा सुटली. मग धाकटीने आठही दोऱ्या दादाच्या पद्धतीने बांधल्या.

रात्री झोपताना तिने दादाची निळी स्लीपिंग बॅग मागून घेतली. तो येईपर्यंत, म्हणाली. आत शिरून तिने तोंडावर ओढून घेतली आणि श्वास घेतला. निघण्याआधी आईने चारही बॅगा धुतल्या होत्या. आत फक्त साबणाचा वास होता.

शुक्रवारी उजाडता उजाडता ती एकटीच गोठ्यात गेली. कोपऱ्यातल्या छोट्या कप्प्यात टोपी नावाची शेळी होती. अंग पांढरं आणि डोक्यावर काळा डाग, म्हणून टोपी. ती नुकतीच व्याली होती. एक करडू थरथरत का होईना पण उभं राहिलं होतं आणि टोपी त्याला चाटत होती. चाटताना घशातल्या घशात काहीतरी पुटपुटत होती. दुसरं करडू भिंतीजवळ गवतात पडलं होतं. अंगभर पिवळसर चिकटा, डोळे अर्धवट मिटलेले, नाकातून बुडबुडा.

धाकटीने घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली. अकरा मिनिटांत टोपीने दुसऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग तिला राहवेना. तिने करडू उचललं आणि तंबूपाशी नेलं. आईवडील झोपलेले होते. थर्मासमध्ये काल रात्रीचं कोमट पाणी होतं. तेवढ्या पाण्यात आणि साबणाच्या एका छोट्या वडीत तिने करडाला स्वच्छ अंघोळ घातली. कान, खुर, शेपटीखाली, काही सोडलं नाही. स्वतःच्या टॉवेलने खसाखसा पुसलं. करडू कापसासारखं फुललं, तोंड उघडून बारीक ओरडलं. तिला वाटलं, आता कोणीही याच्याकडे बघेल.

तिने ते टोपीसमोर ठेवलं. टोपी पुढे आली, शेपटीखाली हुंगलं, दोन पावलं मागे सरली. मग तिने मान खाली घातली आणि धडक दिली. करडू कोलांटी खाऊन भिंतीवर आपटलं.

धाकटी पुढे झेपावणार तोच मागून बादल्या ठेवल्याचा आवाज आला. शेळ्यांची मालकीण आली होती. पन्नाशीची, कमरेला फडकं खोचलेली. तिचा नवरा पहाटेच दूध घेऊन डेअरीवर जायचा. बाकीचं सगळं हिच्या अंगावर.

“हे कोरडं कसं?” असं म्हणत तिने करडू उचललं आणि नाकाशी नेलं. क्षणभर तशीच उभी राहिली.

“गुलाब,” ती म्हणाली. “वीस वर्षांत माझ्या गोठ्यात पहिल्यांदा गुलाब फुललाय.”

धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “मी धुतलं, काकू.”

“का गं बाई?”

“ती त्याच्याकडे बघतच नव्हती. अकरा मिनिटं.”

“अगं, जुळं आहे! एकाचं आवरलं की दुसऱ्याचं. तिला तोंड एकच आहे, दोन नाहीत.” काकूने करडू परत गवतात ठेवलं. “ती डोळ्यांनी ओळखत नाही पोराला. नाकाने ओळखते. तू तिचं पोर पुसूनच टाकलंस. आता हे तिच्या लेखी कोणाचंच नाही. साबणाची आई शोध आता याला.”

“बाटलीने दूध पाजलं तर?”

“दिवसातून पाच वेळा बाटली धरायची, तीही दोन महिने. मग या एक्केचाळीस जणींचं कोण करणार? तू राहतेस?” उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “बाटलीवरचं मी ठेवत नाही. सोमवारी गाडी येते, तिच्यातून जातं.”

गाडी कुठे जाते हे धाकटीने विचारलं नाही. दाराजवळच्या फळ्यावर खडूने वजनं लिहिलेली होती आणि काही आकड्यांवर आडवी रेघ होती.

“काहीच करता येणार नाही का?”

काकूने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. “येईल. पण ते काम मी करणार नाही. ज्याने धुतलं त्याने मळवायचं.”

मळवायची रीत अशी होती. टोपीची मान लाकडी चौकटीत अडकवायची. तिचा चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, हातावर काढायचा आणि करडाच्या डोक्याला, पाठीला, शेपटीखाली चोळायचा. टोपीच्या पायाखालचं ओलं गवत वरून घासायचं. मग एका हाताने टोपीचा मागचा पाय धरायचा आणि दुसऱ्याने करडू आचळाला लावायचं. पोट भरलं की मान मोकळी करायची आणि काय होतं ते बघायचं. दिवसातून पाच वेळा.

“तुझ्या घरी सांगू?” काकूने विचारलं.

“नको.”

“बरं. मग तोंड बंद, हात चालू.” जाता जाता तिने करडू कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवलं आणि फळ्यावर आकडा लिहिला. दोन किलो पाचशे ऐंशी.

त्या दिवशी धाकटीने टोपीची मान पाच वेळा मोकळी केली आणि पाचही वेळा धडका मोजल्या. पहिल्या खेपेला नऊ, मग अकरा, अकरा, आठ, नऊ. दर वेळी पाचव्या मिनिटाला तिने करडू उचलून कप्प्याच्या फळकुटाच्या पलीकडे ठेवलं. पहिलं करडू मात्र मजेत पीत होतं. त्याला शेपटी हलवणं सोडून दुसरा उद्योग नव्हता.

दुपारी बाबा कुंपणापाशी आले. “तळ्यावर जातोय. येतेस ना?”

“नको.”

“आलोय तिघं, आणि फिरायचं दोघांनी?” त्यांनी कुंपणावरून आत डोकावलं. “बघ बुवा. आमची पोरगी शेळी झाली.”

ते गेले. आई पुढे, बाबा वीस पावलं मागे. दादा असता तर मध्ये असता, आणि एकाचं दुसऱ्याला सांगत दोघांना हसवत नेलं असतं. दोघं उतारावरून दिसेनासे होईपर्यंत तिने बघितलं. ते अंतर काही कमी झालं नाही.

गोठ्यात चाळीस तोंडांच्या रवंथीचा आवाज होता, लांबून वाळू चाळल्यासारखा. ती उलट्या बादलीवर बसली. साबणाचं कोणाला तरी सांगावं असं तिला वाटत होतं, पण सांगण्यासारखा एकच माणूस होता. तो आधी पोट धरून हसला असता. आणि मग त्याने नेमका प्रश्न विचारला असता. कुठला, ते तिला येत नव्हतं. येत असतं तर तिने तो स्वतःलाच विचारला असता.

संध्याकाळी तंबूत आई नाकाला पदर लावत म्हणाली, “केवढा वास येतोय तुझ्या अंगाला! हात धू आधी. साबणाने.”

“पाण्याने धुते,” धाकटी म्हणाली.

शनिवारी सकाळी करडाचं वजन दोन किलो पाचशे साठ भरलं. पण धडका सहा झाल्या होत्या. मग पाच. दुपारी तिने मान सोडली तेव्हा टोपीने करडाला आधी हुंगलं, बराच वेळ, आणि मग धडक दिली. चारच. चौथी तर नुसती ढकलल्यासारखी. धाकटी वहीत ‘४’ लिहीत असतानाच फाटकाकडून बाबांचा आवाज आला. फोनला रेंज फक्त तिथेच होती, फाटकाच्या उजव्या खांबाला खेटून उभं राहिलं तर.

ती धावत गेली. बाबांनी फोन तिच्या कानाला लावला.

“धाकटे, ऐक ना,” दादा म्हणाला. मागे बरीच माणसं बोलत होती. “नाही जमणार गं. उद्याही काम काढलंय इथे.”

“अर्धा दिवस?”

“अर्धा तासही नाही. तंबू कोणी बांधला?”

“मी.”

“शाब्बास. दोऱ्या आठही?”

“आठही. दादा, इथे ना एक करडू आहे, मी त्याला...”

“थांब हं एक मिनिट,” तो दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाला. मग तिला म्हणाला, “रात्री बोलू निवांत.” फोन बंद झाला. रात्री तंबूत रेंज नसते हे त्याला माहीत नव्हतं.

ती परत आली तेव्हा आई तंबूतून सामान बाहेर काढत होती. निळी स्लीपिंग बॅग घडी करून गाडीच्या टपावर ठेवली होती.

“मग आजच निघू,” बाबा म्हणत होते. “तो येणार म्हणून रविवार धरला होता. उगीच कशाला? अंधाराच्या आत घरी.”

“हो. मलाही नाही राहायचं,” आई म्हणाली.

“मला उद्या सकाळपर्यंत थांबायचंय,” धाकटी म्हणाली.

“अगं, दोन दिवस त्या शेळ्यांतच तर होतीस. अजून काय राहिलंय?”

तिने वही घट्ट धरली. “मी करडाला साबण लावला.”

“काय?”

मग तिने सगळं सांगितलं. अकरा मिनिटं, थर्मास, गुलाब, धडका, सोमवारची गाडी. सांगताना आकडे एकही चुकले नाहीत, पण शेवटी आवाज फाटला. बाबा हसायला लागले. “अंघोळ! घरी तुला ओरडून ओरडून घालावी लागते, आणि...” पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते अर्ध्यावर थांबले. खाली बसून ते तंबूभोवतीच्या खुंट्या मोजायला लागले. “बारा आहेत ना?”

“बारा.”

आई पुढे झाली. तिने टपावरची निळी बॅग उचलली, नाकाशी नेली आणि तशीच धरून उभी राहिली. मग ती तंबूत गेली. घडी उलगडून तिने ती होती तिथे पसरली.

संध्याकाळच्या खेपेला टोपीचा पाय आईने धरला. पहिल्याच झटक्यात शेळीने तिचा हात उडवला. “हिच्यात माझ्या सासूबाईंचं बळ आहे,” आई म्हणाली. धाकटी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. धडका दोन.

रविवारी सकाळी काकूने पहिलं करडू बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली.

“आता तू आत जायचं नाहीस. मान बांधायची नाही, पाय धरायचा नाही, तोंडाने चुचकारायचंही नाही. पहाटेपासून हे उपाशी आहे. आधी वजन, मग अर्धा तास मोकळं, मग वजन. जितकं वाढलं तितकं दूध पोटात गेलं. पन्नास ग्रॅम किंवा वर, तर राहील. खाली, तर उद्या गाडी.”

“मध्येच लेंड्या टाकल्या तर?”

“तर त्याही उचलून पिशवीत टाक, वहीवाले,” काकू म्हणाली आणि करडू काट्याला लटकवलं. आकडा हलत राहिला आणि थांबला. दोन किलो पाचशे नव्वद.

काकू बाकीच्यांच्या धारा काढायला निघून गेली. धाकटी फळकुटाबाहेर बादलीवर बसली. दारातून गवताचा पट्टा दिसत होता. बाबा दोऱ्या सोडत होते, आणि त्या सुटायला वेळ लागत होता. आई बॅगा गाडीत ठेवत होती. एक, दोन, तीन. चौथी हातातच घेऊन ती पुढच्या सीटवर बसली.

चौथ्या मिनिटाला करडू टोपीकडे गेलं. टोपीने धडक दिली. करडू बसकण मारून पडलं आणि पडूनच राहिलं. धाकटीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. नवव्या मिनिटाला ते पुन्हा उठलं, या वेळी मागच्या बाजूने गेलं. टोपीने मान वळवली, शेपटीखाली हुंगलं आणि मागचा पाय उचलला. मग ती वळून उभी राहिली. तिचं अंग मध्ये आलं आणि करडू दिसेनासं झालं. फक्त त्याचे मागचे दोन खुर दिसत होते. उठून बघावं असं धाकटीला फार वाटलं. पण उठलं तर टोपी बिचकेल, म्हणून ती बसून राहिली आणि खुर मोजत राहिली. दोन. दोन. दोन.

तंबू आडवा झाला. गवतावर चौकोनी पिवळा डाग उरला.

तिसाव्या मिनिटाला काकू हात पुसत आली. तिने करडू पिशवीत घातलं, पिशवी काट्याला अडकवली आणि हात बाजूला घेतला. पिशवी फिरली, आकडा हलला, पुन्हा हलला.

धाकटीने वहीत लिहिलं.

आधी: दोन किलो पाचशे नव्वद. नंतर: दोन किलो सहाशे साठ. फरक: सत्तर ग्रॅम.