नुकसानीचं कारण

सकाळी दहाला सरांनी लॅबमध्ये आपल्या विद्यार्थिनीला फोन केला. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दर दोन तासांनी थेंब घालायचे आणि बायको बाहेरगावी. "ये गं जरा घरी. संध्याकाळपर्यंत थांब."

"सर, नमुना मशीनवर आहे. सारखं तापमान बघावं लागतं."

"मशीन काय पळून जाणार आहे?"

ती आली. न येऊन सांगते कुणाला? पीएचडी सरांच्या सहीवर अडलेली, आणि अडला हरी काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षं सरांची भाजी, विजेचं बिल, सगळं तीच बघायची. सरांनीही त्यांच्या सरांचे कपडे धुतले होते. त्यामुळे यात वावगं काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

नमुना होता केळ्यासारख्या वाकलेल्या रेणूंचा द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल. सरळ रेणूंचा सहज वाहतो; हा मधासारखा रेंगाळतो, ताण काढला की थोडा मागेही सरकतो. असं का, हे तिला मोजायचं होतं. तो चिमूटभर बनवायला आठ महिने गेले होते. त्या दुपारी मशीनचा हीटर बंदच होईना आणि सगळा करपला; लॅबमधून तसा फोन आला.

शिष्यवृत्तीला मुदतवाढ हवी, तर अर्जात नुकसानीचं कारण हवं. सरांनी त्याच संध्याकाळी तिच्यासमोर, घरीच लिहिलं: विद्यार्थिनी गैरहजर होती.

"मी कुठे होते, तेही लिहायचं का सर?"

"उगाच फाटे फोडू नकोस."

पट्टी बांधलेली आई पलंगावरून म्हणाली, "तू तुझ्या सरांची धुणी धुवायचास, ते मला शेजारणीकडून कळलं होतं. फार रडले रे मी. आणि आज दुसऱ्या कुणा आईच्या लेकीकडून निवांत थेंब घालून घेतले."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लिहिलेलं खोडलं.

शिष्यवृत्ती समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी सरांचं नवं वाक्य मोठ्याने वाचलं: 'विद्यार्थिनी माझ्या सांगण्यावरून माझ्या घरी काम करत होती. दोष माझा आहे.' बाकीचे प्राध्यापक कागदांत डोकी घालून बसले.

"'यंत्रात बिघाड' असं लिहा," अध्यक्ष म्हणाले. "मुदत आत्ता देतो."

तिचं वर्ष पणाला लागलं होतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पण नजर टिकेना.

"मी तिथे असते तर नमुना वाचला असता," ती म्हणाली. "आहे तेच राहू द्या."

शेवटी अध्यक्षांनी मुदतवाढीवर सही केली आणि मान वर न करता फोन लावला.

"गाडी धुवायची राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "तू लॅबमध्ये जा."