मिस्त्रींनी काढलेला केक

चाळीस वर्षं फाउंड्रीत लोखंड ओतलेला माणूस घरी बसला की घराचं काय होतं, ते मिस्त्रींच्या बायकोला विचारावं. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या एकूण एक बिजागऱ्यांना तेल घातलं, कुकरची शिट्टी तीनदा खोलून तीनदा बसवली, आणि तिसऱ्यांदा बसवल्यापासून ती वाजायची बंद झाली. शेवटी बायकोने स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची हद्द ठरवून दिली. मिस्त्री तिथेच खुर्ची टाकून बसत आणि आतल्या कामावर देखरेख करत.

आत सून केक करत होती. एका मोठ्या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये गोड पदार्थ करणारं माणूस हवं होतं, आणि आज चार वाजता तिला एक अख्खा केक घेऊन बोलावलं होतं. हे काम मिळावं म्हणून ती महिनाभर झटत होती. केक साधासुधा नव्हता. साचा बाहेरून पन्हळी, मधोमध एक नळी, म्हणजे केक निघाला की बांगडीसारखा मधे मोकळा. सकाळपासून दोन केक झाले होते, पण ओव्हनमधून काढल्याबरोबर उलटे केल्याने दोन्हींचा वरचा थर साच्यालाच चिकटून राहिला होता. तिसरा ओव्हनमध्ये होता आणि घरातली अंडी संपली होती.

तो साचा पाहून मिस्त्रींना मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मधली नळी म्हणजे त्यांच्या भाषेत गाभा. असे गाभे बसवून त्यांनी आयुष्यभर पाइप आणि चाकं ओतली होती. साच्याच्या बाजू कशा तिरक्या आहेत आणि त्यामुळे माल कसा सुटतो, हे त्यांनी खुर्चीतूनच सुनेला समजावलं. ती हो हो म्हणाली. मोठी गुणी पोर, सासऱ्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

नेमकी त्याच दिवशी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेलेली, मुलगा कामावर, आणि शाळेतून फोन आला की नातीला ताप आहे, घेऊन जा. सुनेने नुकताच केक बाहेर काढून ओट्यावर ठेवला होता. तिने घड्याळाकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. बघायला दुसरं कोणी नव्हतंच.

"बाबा, बरोबर दहा मिनिटांनी ही ताटली वर ठेवायची आणि साचा उलटा करायचा. एवढंच करा. बाकी काही करू नका."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. मिस्त्री हद्द ओलांडून आत गेले आणि बाह्या सरसावून ओट्यापाशी उभे राहिले.

दहा मिनिटं झाली. साच्याला हात लावला तर चांगलाच गरम, आणि इथे घोडं अडलं. गरम साचा उघडायचा नाही, हा फाउंड्रीतला पहिला धडा. उघडला की माल तडकलाच. घाई करणाऱ्या कितीतरी जणांची त्यांनी बिनपाण्याने केली होती. पोर नवखी आहे, तिला काय ठाऊक, म्हणूनच तर दोन केक वाया गेले, असा मिस्त्रींनी निकाल लावला. साचा खिडकीत ठेवला, पंखा लावला आणि ते वर्तमानपत्र घेऊन बसले.

तासाभराने साचा गार झाला. त्यांनी ताटली ठेवून तो उलटा केला. काही नाही. हलवला. तरी काही नाही. मग लाटणं घेऊन चारी बाजूंनी ठोकला, आधी हलक्या हाताने, नंतर फाउंड्रीच्या हाताने. धप्प झालं. केक पडला, पण पाऊणच. उरलेला पाव साच्यात नळीला मिठी मारून बसला होता.

मिस्त्रींना दरदरून घाम फुटला. पोरीचं काम गेलं आणि ते आपण घालवलं, हे त्यांना लख्ख कळलं. आता काय करावं? ओतीव मालातली भोकं लांबी-पुट्टी भरून बुजवणाऱ्या लबाडांना ह्या माणसाने जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आज त्यानेच साच्यात अडकलेला पाव भाग चमच्याने खरवडून काढला, जॅम थापून जागेवर बसवला आणि वरून पिठीसाखर भुरभुरवली. लांबून बघितलं तर केक बरा दिसत होता. जरा जास्तच लांबून बघावं लागत होतं.

सून आली. नातीला आत झोपवून ओट्यापाशी गेली. तिने केककडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं, आणि किती वेळ ठेवला होता असं विचारलं. लोखंड गार होताना कसं आकसतं, हे मिस्त्री सांगायला लागले.

"बाबा, ह्यात लोणी आहे," ती म्हणाली. "गार झालं की ते थिजतं आणि भांड्याला धरून बसतं."

आवाज चढवला नाही, तेच त्यांना फार लागलं. चिडली असती तर उलट बोलायची तरी सोय होती. तिने डोळे पुसले, जॅमचा भाग बाजूला काढला, बाकीच्याच्या नीट फोडी कापून डब्यात भरल्या. एवढ्यात बायको गाल धरून घरात शिरली. नातीला तिच्या हवाली करून सून निघाली, तसा मिस्त्रींनी तिच्या हातातला डबा घेतला आणि चपला घातल्या. कुठे निघालात असं बायको विचारणार होती, पण तिचं तोंड बधिर होतं.

कॅन्टीनच्या मुख्य बाईंनी एक फोड खाल्ली, लगेच दुसरी खाल्ली, आणि मग अख्खा केक का आणला नाही असं विचारलं. साच्यातून धड निघत नसेल तर इथे रोज दहा-बारा केक कसे व्हायचे? सुनेने सांगायला सुरुवात केली की वाटेत रिक्षात धक्का बसला. सासऱ्यावर पांघरूण घालत होती बिचारी. मिस्त्रींना ते सोसवेना.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "तिने दहा मिनिटं सांगितली होती. मला वाटलं, मला जास्त कळतं. माझी चूक झाली."

चाळीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते, आणि आता निघाले तर कान तापले. बाईंनी हसू दाबलं. सोमवारपासून यायला त्यांची हरकत नव्हती, पण एकटीच्याने इतके साचे वेळेवर कसे निघणार, असं त्यांनी सुनेला विचारलं.

"एकटी कुठे? आमचे बाबा आहेत की," सून म्हणाली. "साचे तेच काढतील. त्यांच्याइतकं आता हे कुणाला कळणार?"

मिस्त्रींनी बाईंच्या ओव्हनकडे बोट दाखवलं आणि त्याच्या दाराची बिजागरी सैल झालीये, एवढंच सांगितलं.